कोणत्या टॉवरवर?

चंद्रपूरहून पडघ्याला येणारी एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची, वाहिनी ७५२ किलोमीटर लांब आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून ती विदर्भातली वीज मुंबईच्या दाराशी आणून सोडते. तिच्या वाटेत शेतं आहेत, गावं आहेत, घाट आहेत, आणि बहुतेक टॉवरांपर्यंत निदान बैलगाडीची वाट तरी जाते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात याच जातीची एक वाहिनी नेल्सन नदीवरच्या जलविद्युत केंद्रांपासून विनिपेगजवळच्या डॉर्सी स्थानकापर्यंत येते. लांबी सुमारे ८९५ किलोमीटर. १९७२ साली ती सुरू झाली. तिच्या बऱ्याचशा वाटेवर गाव नाही, शेत नाही, रस्ताही नाही. स्प्रूसची बुटकी जंगलं आहेत आणि उन्हाळ्यात पाय रुतवणारी दलदल आहे. ती दलदल हिवाळ्यात गोठली की मगच तिच्यावरून जड गाडी नेता येते. अशा वाहिनीवर फॉल्ट आला की नियंत्रण कक्षात एकच प्रश्न उरतो: कोणत्या टॉवरवर?

हे पुस्तक या प्रश्नाचं उत्तर शोधण्याच्या विद्येविषयी आहे. वाहिनीच्या दोन टोकांना बसून, तारेवरून आलेला विद्युतसंकेत वाचून, शेकडो किलोमीटर दूरची नेमकी जागा सांगायची, अशी ही विद्या. तिचा बराचसा भाग गेल्या तीस-पस्तीस वर्षांत घडला आणि त्यात कॅनडाचा वाटा मोठा आहे. म्हणून मराठी पुस्तक असूनही यातली बहुतेक उदाहरणं मी तिथली घेतली आहेत.

मोठा अपघात शोधावा लागत नाही. ५ सप्टेंबर १९९६ रोजी विनिपेगजवळ आलेल्या वादळी झोतात नेल्सन नदीची ही वाहिनी आणि तिच्या जोडीची दुसरी अशा दोन्ही वाहिन्यांचे मिळून १९ टॉवर आडवे झाले. दोन्ही वाहिन्या एकाच पट्ट्यातून शेजारी-शेजारी आलेल्या, त्यामुळे दोन्ही एकदमच गेल्या. मॅनिटोबाने शेजाऱ्यांकडून वीज घेऊन आणि लोकांना जपून वापरायची विनंती करून ते दिवस काढले. तिसरी वाहिनी प्रांताच्या पश्चिम अंगाने, १,३८४ किलोमीटरचा वळसा घेऊन नेली, ती याच धड्यामुळे. २०१८ साली ती चालू झाली. पण १९ टॉवर पडले ते कुठे, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

कठीण असतात ते मागे काहीच न ठेवणारे फॉल्ट. ३ जुलै २०१३ रोजी क्यूबेकच्या उत्तरेकडच्या जंगलात वणवा भडकलेला होता. त्याचा धूर ७३५ केव्ही वाहिन्यांच्या खाली आला, हवेचा विद्युतरोध कमी झाला, वाहिन्या ट्रिप झाल्या आणि शेकडो किलोमीटर दक्षिणेला मॉन्ट्रियल भागातल्या सुमारे ५ लाख ग्राहकांची वीज गेली. तार तुटली नव्हती, टॉवर वाकला नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवं वाटणार नाही. वाहिनीखाली उसाचं पाचट पेटवलं की नेमकं हेच होतं. ज्वाळा आणि काजळी वर चढते, तारेतून जमिनीकडे ठिणगी पडते, उपकेंद्रातला ब्रेकर उडतो, आणि पेट्रोलिंगची माणसं येईपर्यंत शेतात फक्त राख असते.

वाहिनी पुन्हा चार्ज झाली, मग जागा शोधायचीच कशाला, असं विचारणारे असतात. त्यांना मी इन्सुलेटरची माळ जवळून पाहायला सांगतो. वीज कोसळून फ्लॅशओव्हर झाला की एखाद्या चकतीच्या चकाकीवर तळहाताएवढा काळपट, खरबरीत डाग पडतो. कधी चिनीमातीला केसाएवढी भेग जाते. खालून दुर्बिणीतून पाहिलं तरी ती चटकन दिसत नाही. उरलेल्या चकत्या भार पेलतात, वाहिनी आठवडे-महिने बिनतक्रार चालते, आणि मग एखाद्या दमट पहाटे तीच माळ पुन्हा दगा देते. त्या वेळी भार जास्त असेल, शेजारची वाहिनी देखभालीसाठी बंद असेल, तर एका चकतीपायी शहर अंधारात जाऊ शकतं. चकती बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. ती कोणत्या टॉवरवर आहे हे माहीत असेल तर.

म्हणून या शास्त्रातली अचूकता मोजायचं माझ्या मते एकच माप खरं आहे: एक गाळा. गाळा म्हणजे दोन टॉवरांमधलं अंतर, मोठ्या वाहिन्यांवर साधारण ३०० ते ४०० मीटर. उत्तर एका गाळ्याच्या आत आलं तर लाइनमन थेट त्या टॉवरवर चढतो. पाच किलोमीटर इकडे-तिकडे आलं तर त्याला १५-३० टॉवर तपासावे लागतात. संशोधनपत्रिकांत टक्क्यांत चुका मांडतात. ३०० किलोमीटरच्या वाहिनीवर २ टक्के म्हणजे ६ किलोमीटर, आणि उत्तर क्यूबेकमध्ये ६ किलोमीटर म्हणजे हेलिकॉप्टरची एक जादा फेरी, तीही हवा साफ असेल तर.

या शोधाची सर्वांत जुनी पद्धत कॅनडाच्याच पूर्व किनाऱ्याशी जोडलेली आहे. न्यूफाउंडलंडमधल्या हार्ट्स कंटेंट या गावी २७ जुलै १८६६ रोजी 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने अटलांटिकपार तारेची केबल आणून लावली. (न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं ते १९४९ साली.) त्याआधी १८५८ ची केबल काही आठवड्यांत मुकी झाली होती आणि १८६५ ची भर समुद्रात तुटली होती. तळाशी पडलेल्या केबलपर्यंत माणूस जाऊ शकत नव्हता. मग विल्यम थॉमसन, क्रॉमवेल व्हार्ली यांच्यासारख्या मंडळींनी किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजला. एका मैलाला किती रोध हे ठाऊक असेल, तर मिळालेल्या रोधावरून दोषाचं अंतर निघतं. साधा भागाकार.

वाहिनीवरचा डिस्टन्स रिले आजही याच भागाकारावर चालतो. फॉल्टच्या क्षणीचा व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरातून इंपीडन्स काढायचा. वाहिनीची रिअॅक्टन्स किलोमीटरला ०.३ ओहम असेल आणि मोजलेली ३० ओहम भरली, तर फॉल्ट १०० किलोमीटरवर. रिले डिजिटल झाले तेव्हा हे गणित संगणकाकडे आलं. सस्कॅचेवान विद्यापीठातले प्राध्यापक मोहिंदर सचदेव यांनी या कामाला अनेक वर्षं दिली. डिजिटल इंपीडन्स रिलेच्या मोजमापांतून फॉल्टचं अंतर कसं काढावं यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० च्या दशकात मांडलेली रीत पुढच्या बऱ्याच कामाचा पाया ठरली. ही पद्धत स्वस्त आहे, तिला एकाच टोकाची नोंद पुरते, आणि आपल्याकडच्या बहुतेक उपकेंद्रांत तीच वापरात आहे. तिला कमी लेखायचं कारण नाही.

पण ती गृहीत धरते की फॉल्टच्या जागी स्वतःचा असा रोध नाही. झाडाची फांदी टेकली असेल, किंवा टॉवरचा पाया खडकावर असेल, तर तो असतोच. कॅनडाचा अर्धाअधिक भूभाग ज्या प्राचीन कातळावर उभा आहे, त्यातून वीज जमिनीत सहज उतरत नाही. शिवाय क्यूबेकच्या ७३५ केव्ही वाहिन्यांवर सीरीज कपॅसिटर आले. जेम्स बेकडून येणारी वीज सुमारे हजार किलोमीटरचा पल्ला कापते, आणि त्या पल्ल्यात स्थिरता टिकावी म्हणून ते बसवले गेले. कपॅसिटर वाहिनीची रिअॅक्टन्स वजा करतो. फॉल्टच्या वेळी त्याला वाचवणारं उपकरण मध्येच वाहू लागतं. त्या काही मिलिसेकंदांत नेमका किती कपॅसिटर सर्किटमध्ये होता, हे सांगणं अवघड होऊन बसतं. भागाकार बरोबर असतो, भाज्यच संशयास्पद.

(या कपॅसिटरांचा आग्रह ज्या घटनेनंतर वाढला, तिचा इथे उल्लेख करायला हवा, कारण ती कोणत्याही फॉल्ट लोकेटरच्या आवाक्याबाहेरची होती. १३ मार्च १९८९ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाने क्यूबेकच्या वाहिन्यांत जमिनीमार्गे प्रवाह घुसवला. व्होल्टेज सांभाळणारे कॉम्पेन्सेटर एकामागून एक सुटले आणि दीड मिनिटात साऱ्या प्रांताचं जाळं बसलं. ६० लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले. तिथे 'कोणत्या टॉवरवर' या प्रश्नाला अर्थच नव्हता. फॉल्ट एका जागी नव्हताच.)

डीसी वाहिनीवर तर हा भागाकार उपलब्धच नाही. ५० किंवा ६० हर्ट्झची लहरच नसेल तर रिअॅक्टन्स कुठली मोजणार? मॅनिटोबाला म्हणूनच दुसऱ्या वाटेने जावं लागलं, आणि हे पुस्तक मुख्यतः त्या वाटेचं आहे.

फॉल्ट होतो त्या क्षणी त्या जागचा व्होल्टेज कोसळतो. तो धक्का तारेवरून दोन्ही दिशांना लाटेसारखा निघतो. उघड्या हवेतल्या वाहिनीवर तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ९८ टक्के, म्हणजे सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. घाटात दरड कोसळली आणि तिचा आवाज खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत पोचला, तर कोणत्या गावात किती आधी ऐकू आला यावरून दरडीची जागा काढता येते. दरड केव्हा कोसळली हे माहीत असण्याची गरज नाही, दोन्ही गावांची घड्याळं मात्र एक असली पाहिजेत. वाहिनीचंही तसंच. ३०० किलोमीटरच्या वाहिनीवर पहिल्या टोकापासून ९० किलोमीटरवर फॉल्ट झाला असं धरू. लाट पहिल्या टोकाला ३०६ मायक्रोसेकंदांत पोचेल, दुसऱ्याला ७१४. फरक ४०८ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात लाट १२० किलोमीटर जाते. ३०० मधून १२० वजा करून निम्मे केले की ९० किलोमीटर. यात रोध नाही, कपॅसिटर नाही, खडक नाही. आहे ती फक्त वेळ.

मात्र ती वेळ विलक्षण काटेकोर हवी. घड्याळांत एका मायक्रोसेकंदाची तफावत पडली तर उत्तर सुमारे १५० मीटरने सरकतं. दोन-तीन मायक्रोसेकंद हुकले की गाळा हुकला. दोन टोकांच्या वेळेची तुलना करायची कल्पना १९५० च्या आधीपासूनची आहे. तेव्हा एका टोकाची खबर मायक्रोवेव्ह दुव्यावरून दुसऱ्या टोकाला पाठवत. ते दुवे महाग होते आणि डोंगराळ मुलखात उभारायला जिकिरीचे. अडलेलं हे काम जीपीएसने सोडवलं. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ आहे. उपकेंद्राच्या छतावर वाटीएवढा अँटेना लावला की मायक्रोसेकंदाहून बारीक वेळ मिळते, आणि ती शेकडो किलोमीटर दूरच्या उपकेंद्राशी जुळलेली असते.

आकाशातल्या घड्याळाचा विजेच्या जाळ्याला केवढा उपयोग आहे, हे ज्यांनी फार लवकर ओळखलं त्यांत अरुण फडके यांचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. ग्वाल्हेरला जन्मलेले फडके खरगपूरच्या आयआयटीतून अमेरिकेत गेले. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १९८८ च्या सुमारास जेम्स थॉर्प यांच्याबरोबर त्यांनी फेजर मेजरमेंट युनिट, म्हणजेच पीएमयू, घडवलं. दूरदूरच्या उपकेंद्रांतले व्होल्टेज एकाच क्षणी मोजणारं हे उपकरण आज जगभरच्या लोड डिस्पॅच केंद्रांचा डोळा आहे. २००८ साली दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. पीएमयू लाटा मोजत नाही, त्याचं काम वेगळं आहे. पण सगळ्या उपकेंद्रांना एका घड्याळावर आणायचा विचार दोन्हीकडे तोच.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बीसी हायड्रोच्या अभियंत्यांनी हे घड्याळ ५०० केव्ही वाहिन्यांवर वापरून दाखवलं. पीस नदीवरच्या बेनेट धरणाची वीज डोंगररांगा ओलांडून व्हँकुव्हरकडे येते. वाटेत हिमकडे कोसळतात, दऱ्यांत धुकं साचतं, हेलिकॉप्टर दोन-दोन दिवस उडत नाही. त्यांनी उपकेंद्रांत लाटेच्या आगमनाची वेळ नोंदवणारी यंत्रं बसवली आणि उद्दिष्ट ठेवलं ३०० मीटर. एक गाळा! जीपीएसचं उपग्रहमंडळ तेव्हा पूर्णही झालेलं नव्हतं. ते पूर्ण झालं १९९५ मध्ये. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत धाडसी पायरी आहे, कारण टक्क्यांची भाषा सोडून टॉवरची भाषा तिथून सुरू झाली.

लाट आली केव्हा, हे ठरवणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही, आणि सिग्नल अॅनालिसिसचा खरा कस तिथे लागतो. उपकेंद्रातला नेहमीचा डिस्टर्बन्स रेकॉर्डर सेकंदाला ५ हजारांच्या आसपास नोंदी घेत असेल, तर दोन नोंदींच्या मध्ये लाट ५९ किलोमीटर पुढे गेलेली असते. त्याच्या कागदावर फॉल्ट म्हणजे लहरीला पडलेला एक ओबडधोबड खळगा. तोच क्षण सेकंदाला १० लाख नोंदी घेणाऱ्या यंत्रात पाहा. जवळजवळ सपाट रेघ चालली आहे, कारण त्या मापावर ६० हर्ट्झची लहर हललेलीसुद्धा दिसत नाही. मग अचानक एक कडा उभी राहते. तिच्यामागे काही मायक्रोसेकंदांनी छोटी कडा, मग उलट्या दिशेची आणखी एक. फॉल्टच्या जागेवरून, दुसऱ्या टोकावरून, शेजारच्या वाहिनीवरून परतलेल्या लाटा त्या. पहिली कडा कुठे सुरू झाली हे सांगायचं आहे. शेकडो किलोमीटर येईपर्यंत ती झिजलेली असते, तिचा पाय उतरता झालेला असतो. तिच्या पायाशी बोट ठेवलं आणि ते दोन नोंदी इकडे-तिकडे झालं, तर टॉवर बदलतो.

फूरिये विश्लेषण इथे फारसं कामाचं नाही. ते एका पूर्ण आवर्तनाची खिडकी मागतं. ६० हर्ट्झच्या कॅनडात ती १६.७ मिलिसेकंदांची, आपल्याकडे २० ची. १६.७ मिलिसेकंदांत लाट ४,९०० किलोमीटर जाते. एवढ्या रुंद खिडकीतून कडा शोधणं व्यर्थ. खिडकी अरुंद-रुंद करता येईल असं गणित हवं होतं आणि ते आलं तेलाच्या शोधातून. फ्रान्समधले भूभौतिकतज्ज्ञ ज्याँ मॉर्ले १९८० च्या आसपास जमिनीखालून परतणाऱ्या स्फोटलहरी वाचण्यासाठी वेव्हलेटच्या, म्हणजे आखूड लहरींच्या, मागे लागले. अॅलेक्स ग्रॉसमन, इंग्रिड डोबेशी, स्टेफान माला यांनी त्या कल्पनेला पक्कं गणित दिलं. कोणती वारंवारता आणि कोणत्या क्षणी, अशी दोन्ही उत्तरं वेव्हलेट एकत्र देतो, म्हणून वीजवाहिनीच्या कडेवर तो नेमका बसला. त्याआधी तीन तारांवरच्या गुंतलेल्या लाटा सुट्या कराव्या लागतात. एडिथ क्लार्क यांचं रूपांतर तिथे कामी येतं. जमिनीतून परतणारी लाट संथ आणि बोथट असते, ती बाजूला काढली की तारांतारांमधली स्वच्छ कडा हाती लागते.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. व्होल्टेज मोजणारा सीव्हीटी उच्च वारंवारता गिळून टाकतो, म्हणून बरेचदा सीटीमधून प्रवाहाची लाट घ्यावी लागते. मॅनिटोबा विद्यापीठात अथुला राजपक्षे आणि सहकाऱ्यांनी डीसी वाहिनीसाठी सर्ज कपॅसिटरच्या प्रवाहावर रोगोव्स्की कॉइलने नजर ठेवायची युक्ती अभ्यासली. एसी वाहिनीवर फॉल्ट जर नेमका व्होल्टेज शून्यातून जाताना झाला, तर लाट जवळजवळ निघतच नाही. सुदैवाने फ्लॅशओव्हर बहुधा व्होल्टेज शिखराजवळ असतानाच होतो. आणि तार नकाशावरच्या रेघेपेक्षा लांब असते, कारण ती झोलाने लोंबते. उणे ४० अंशांत ती आखडते, जुलैत सैलावते. ३०० किलोमीटरच्या वाहिनीवर हा फरक काही शे मीटरांच्या घरात जाऊ शकतो. म्हणून वाहिनी चार्ज करतानाची लाट पलीकडच्या उघड्या टोकावरून परत यायला किती वेळ लागला, हे अधूनमधून मोजून हिशेब जुळवून घ्यावा लागतो.

खऱ्या वाहिनीवर हवे तेव्हा फॉल्ट घडवता येत नाहीत. या गरजेतून विनिपेगमध्येच जगाला मोठी देणगी मिळाली. नेल्सन नदीच्या डीसी वाहिनीचा अभ्यास करण्यासाठी डेनिस वुडफर्ड यांनी १९७० च्या दशकात मॅनिटोबा हायड्रोत ईएमटीडीसी हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे तो पीएससीएडी या नावाच्या जोडीने जगभर गेला. तो वाढवणाऱ्यांत मुंबईच्या आयआयटीतून मॅनिटोबा विद्यापीठात गेलेले प्राध्यापक अनिरुद्ध गोळे आहेत. आज पुण्यातला एखादा विद्यार्थी लॅपटॉपवर वाहिनी उभी करून तिच्यावर हजार फॉल्ट टाकून पाहतो, तेव्हा तो बहुधा याच प्रोग्रॅमवर काम करत असतो.

हे सगळं मराठीत आणण्याची घाई मला वाटते, त्याचं कारण पुढे येऊन ठेपलं आहे. इंपीडन्सची पद्धत मानून चालते की फॉल्टला वीज पुरवणारे जनरेटर लोखंड-तांब्याचे, फिरणारे आहेत आणि फॉल्टमध्ये भरपूर, नीट लहरीचा प्रवाह ओततील. सौर आणि पवन केंद्रांचा इन्व्हर्टर तसं वागत नाही. तो प्रवाह आपल्या मर्यादेत आवळतो आणि त्याची वागणूक आतल्या सॉफ्टवेअरवर ठरते. सातारा, सांगली, धुळ्याच्या पवनचक्क्या आणि मराठवाड्यातले सौर प्रकल्प ज्या वाहिन्यांना जोडले जात आहेत, तिथे जुना भागाकार अधिकाधिक डळमळेल. लाटेला मात्र स्रोत कोणता याच्याशी देणंघेणं नाही. फॉल्टच्या आधी तारेवर व्होल्टेज होता, तेवढं तिला पुरतं. लाटेवर आधारलेले लोकेटर आता नव्या रिलेंच्या आतच येऊ लागले आहेत. मात्र त्यांचा आकडा वाचणाऱ्या अभियंत्याला तो आला कसा, आणि केव्हा त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे आपल्या भाषेत समजलं पाहिजे. पावसाळी रात्री कसारा घाटात किंवा कोयनेच्या खोऱ्यात माणसं पाठवायची ती त्या आकड्यावर.

पुस्तकाची मांडणी वर सांगितलेल्या क्रमानेच आहे. पहिली दोन प्रकरणं इंपीडन्सच्या पद्धतींची. उपकेंद्रात काम करणाऱ्यांना ती ओळखीची वाटतील, तरी सीरीज कपॅसिटरचा भाग वगळू नये. तिसऱ्या प्रकरणात लाटेचं गणित आहे. ज्यांना समीकरणं नकोत त्यांनी त्यातली आकडेमोडीची उदाहरणं तेवढी पाहून चौथ्याकडे जावं. वेव्हलेटचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि ते पेन्सिल हाती घेऊन वाचायचं आहे. शेवटचं प्रकरण पेट्रोलिंग करणाऱ्यांसाठी आहे: लोकेटरने सांगितलेल्या टॉवरवर काही सापडलं नाही तर आधी अलीकडचा टॉवर पाहायचा की पलीकडचा, आणि जे सापडेल त्याची नोंद पुन्हा उपकेंद्रात कशी पोचवायची. ते प्रकरण सुटं वाचलं तरी चालेल.